सीपॅप मशीन जमत नाही, बंद करू का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीपॅप हे स्लीप ॲप्नियावरचं, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजारावरचं, मास्क लावून वापरायचं मशीन. मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रात्री रुग्णांना तारा लावून झोपेची तपासणी करायची आणि मशीन घरी गेल्यावर फोनवर येणाऱ्या तक्रारी ऐकायच्या, हे माझं रोजचं काम. पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त ऐकू येतं ते, "मॅडम, मशीन कपाटात ठेवलंय." अशा बहुतेक कपाटांमागचं कारण साधं असतं: मास्कचं माप चुकलेलं, सुरुवातीचं प्रेशर नको तितकं कमी, नाही तर नाक बंद. ते कारण न शोधता मशीन सोडून दिलं की मला फार वाईट वाटतं. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रेशर आणि औषधं बदलायची ती मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

१. सीपॅप नेमकं करतं काय? त्यातून ऑक्सिजन मिळतो का? एकदा लावलं की सवय लागते का?

ऑक्सिजन नाही. मशीन खोलीतलीच हवा गाळून थोड्या दाबाने आत सोडतं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि पडजीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट मिटते. छाती हलत राहते पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, श्वास सुरू होतो, आणि पुन्हा तेच. हवेच्या दाबाचा टेकू दिला की ती वाट उघडी राहते. ऑस्ट्रेलियातले डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी हा उपाय १९८१ मध्ये पहिल्यांदा मांडला आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. श्वास तुम्हीच घेता, मशीन तुमच्यासाठी घेत नाही, त्यामुळे फुप्फुसं 'आळशी' होत नाहीत. सवय लागते ती नीट झोपण्याची.

२. मला तर पडल्या पडल्या झोप लागते. घोरतो एवढंच. मग हे झंझट कशाला?

पडल्या पडल्या झोप लागणं, जेवल्यावर खुर्चीत डुलकी लागणं, सिग्नलला डोळे मिटणं ही झोप अपुरी असल्याची खूण आहे. तुमच्या रिपोर्टवर एएचआय नावाचा आकडा असतो: तासाभरात श्वास किती वेळा थांबला किंवा फार उथळ झाला. मोठ्या माणसांत ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. ४० म्हणजे सरासरी दर दीड मिनिटाला एकदा. तुम्हाला त्यातलं काहीही आठवणार नाही. शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा, ते सांगतील.

फक्त जाड माणसांनाच हा आजार होतो असं नाही. आपल्याकडे लहान जबडा आणि अरुंद घसा असलेले सडपातळ लोकही लॅबमध्ये येतात. बायकांमध्ये, विशेषतः पाळी गेल्यानंतर, घोरण्यापेक्षा थकवा, तुटक झोप आणि सकाळची डोकेदुखी हीच तक्रार जास्त असते, म्हणून निदान उशिरा होतं.

३. मशीन एकदम बंद केलं तर काही होईल का?

औषध अचानक थांबवल्यावर त्रास होतो तसा वेगळा त्रास होत नाही. पण श्वास थांबणं पहिल्या एक-दोन रात्रींतच परत येतं. महिनाभर नीट वापरलं म्हणून घसा 'बरा' झालेला नसतो. सौम्य आजार असलेल्या आणि दिवसा ताज्यातवान्या असलेल्या माणसाने डॉक्टरांशी बोलून थांबणं वेगळं. एएचआय ३० च्या वर, ऑक्सिजन खूप उतरतो, बीपी तीन गोळ्यांनीही आवरत नाही, हृदयाचे ठोके अनियमित आहेत, किंवा रोज गाडी चालवायची आहे, अशांनी दुसरी सोय न करता बंद करू नये. सोडायचंच ठरवलं असेल तर थेट प्रश्न १८ वाचा.

४. रात्री किती तास लावायलाच हवं? चार तास पुरतात ना?

चार तासांचा आकडा विम्याच्या नियमांतून पसरला. अमेरिकेत मशीन 'वापरलं' असं धरण्यासाठी रोज किमान चार तास, दहापैकी सात रात्री, असा निकष आहे. तो हिशेबासाठी आहे. पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत स्नायू सर्वांत सैल असतात आणि श्वास सर्वांत जास्त अडतो. रात्री अकराला लावून तीनला काढलं तर नेमका तोच वेळ उघडा राहतो. तरीही चार तास हे शून्यापेक्षा कितीतरी बरे. जेवढं जमतं तिथून सुरुवात करा, दुपारच्या झोपेतही लावा.

५. मास्क लावला की गुदमरतं, छातीत धडधडतं. दोन मिनिटांत ओढून काढावासा वाटतो. काय करू?

सगळ्यात जास्त लोक इथेच हरतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मशीनची सेटिंग बघा. बरीच मशीनं ४ (सेंटिमीटर पाणी, हे दाबाचं माप) या सर्वांत कमी दाबापासून सुरू होतात. 'कमी दाब म्हणजे सोपं' असं वाटतं, पण धिप्पाड माणसाला ४ वर हवा पुरतच नाही आणि तो कासावीस होतो. डॉक्टरांनी सुरुवात ६ किंवा ७ वर आणली की तोच माणूस "आता बरं वाटतंय" म्हणतो. उलट कुणाला श्वास सोडताना हवा अंगावर येते. त्यांच्यासाठी श्वास सोडताना दाब थोडा उतरवण्याची सोय असते. बहुतेक नव्या मशीनमध्ये ती असते, फक्त कुणी चालू केलेली नसते. तिसरी गोष्ट म्हणजे रॅम्प: झोप लागेपर्यंत दाब कमी ठेवून हळूहळू वाढवणं. ज्यांना मुळात हवा कमी पडते त्यांना लांबलचक रॅम्प त्रासच देतो.

सेटिंग ठीक असूनही भीती वाटत असेल तर ती झोपायच्या वेळी घालवायला जाऊ नका. दिवसा, बसून, टीव्ही बघताना मास्क नुसता हाताने नाकावर धरा. पट्टे लावायचे नाहीत, म्हणजे कधीही दूर करता येतो हे मनाला कळतं. ते सहज झालं की मशीन चालू करून तसाच धरा. मग पट्टे. मग दुपारी आडवं पडून. एका पायरीवर अस्वस्थ वाटलं तर तिथेच थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास घ्यायचा. कुणाला चार दिवस लागतात, कुणाला तीन आठवडे. घाई करणारा घरातला माणूस इथे सर्वांत मोठा अडथळा ठरतो, हे नातेवाइकांनी मनावर घ्यावं.

मास्कचा प्रकारही बदलून बघा. ज्यांना तोंड-नाक दोन्ही झाकणाऱ्या फुल फेस मास्कमध्ये कोंडल्यासारखं वाटतं, त्यांना नाकपुडीशी टेकणारा छोटा नेझल पिलो एकदम सुसह्य वाटू शकतो.

६. लावून झोपतो, पण सकाळी मास्क उशीखाली सापडतो. कधी काढला तेच कळत नाही.

हे आडमुठेपणाने होत नाही. झोपेत काहीतरी बोचतं आणि हात आपोआप जातो. मशीनच्या रिपोर्टमध्ये मास्क किती वाजता निघाला ते दिसतं. त्याच्या जरा आधी गळती वाढलेली असेल तर प्रश्न ८, नाक बंद झालं असेल तर प्रश्न ७. जाग आली तर पुन्हा लावा, एवढी एकच शिस्त ठेवा. मुळात रात्र रात्र झोपच येत नसेल तर ती निद्रानाशाची वेगळी तक्रार आहे. दोन्ही आजार एकत्र असणं खूप आढळतं आणि निद्रानाशावर सीबीटी-आय ही वर्तनोपचाराची पद्धत उपयोगी पडते. झोपेची गोळी मनाने घेऊ नका.

७. नाक चोंदतं, तोंडाला कोरड पडते, घसा सकाळी सुकलेला असतो.

तोंड कोरडं पडतं याचा अर्थ बहुधा नाकावाटे आलेली हवा तोंडातून निसटते आहे. ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी मशीनची पाण्याची टाकी) वाढवा, झोपण्याआधी सलाइनचा स्प्रे घ्या. ॲलर्जी असेल तर कान-नाक-घशाचे डॉक्टर नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे देतात, त्याचा परिणाम दिसायला काही दिवस जातात. दुकानात सहज मिळणारे 'नाक लगेच मोकळं करणारे' थेंब तीन ते पाच दिवसांच्या वर वापरू नका, त्यांनीच नाक जास्त चोंदतं. हाड फार वाकडं असेल तर त्याच्या शस्त्रक्रियेने ॲप्निया सहसा जात नाही, पण मशीन सहन होऊ लागतं. सर्दीत नाक ठार बंद असेल तर एखाद-दोन रात्री उशाकडची बाजू उंच करून कुशीवर झोपा आणि मोकळं झालं की त्याच दिवशी पुन्हा सुरू करा. तोंडाला चिकटपट्टी लावायचे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका. नाक बंद असताना ते धोक्याचं आहे.

८. मास्कमधून हवा फुसफुसते, डोळ्यांत जाते. पट्टे आवळून आवळून नाकावर वळ उठलेत.

आवळणं थांबवा. मास्कची सिलिकॉनची कड हवेने फुगून त्वचेवर टेकते. ती दाबून चपटी केली की गळती वाढते. पट्टे सैल करा, आडवे व्हा, मशीन चालू करा, मास्क जरा चेहऱ्यापासून उचलून पुन्हा बसवा आणि मग हलक्या हाताने घट्ट करा. बसून माप घेतलेला मास्क आडवं झाल्यावर गळतो, कारण गाल ओघळतात.

एका घरी तक्रार होती की नवा मास्क तिसऱ्या दिवसापासूनच घसरतो. मास्क हातात घेतला तर बोटं तुळतुळीत झाली. काका रोज रात्री डोक्याला खोबरेल तेल थापायचे आणि तेच हात चेहऱ्यावरून फिरवायचे. तेलाची वेळ सकाळी करून घेतली, मास्क बदलायची गरज पडली नाही. झोपण्याआधी चेहरा धुवा, मास्कची कड रोज पुसा, आठवड्यातून एकदा मास्क आणि नळी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा. पेट्रोलियम जेली सिलिकॉन खराब करते. दाढी-मिशी जाड असेल तर नेझल पिलो बघा. मिशी काढायलाच हवी असं नाही.

रेसमेड कंपनीच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटरच्या वर गळती गेली की ती जास्त धरतात. मास्कच्या बारीक भोकांतून सतत येणारी हवा मात्र गळती नव्हे. तिथून उच्छ्वास बाहेर जातो, ती भोकं कधीही बुजवू नका.

९. सकाळी पोट फुगलेलं, ढेकरा, गॅस. हे मशीनमुळेच का?

हो, हवा अन्ननलिकेतून पोटात जाते. उपाय असे: रात्रीचं जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी उरकणं, कुशीवर झोपणं, पलंगाची उशाकडची बाजू उंच करणं, आणि डॉक्टरांकडून दाबाची वरची मर्यादा तपासून घेणं. जळजळ होत असेल तर तिचा इलाज आधी.

१०. टाकीत कोणतं पाणी घालू? आणि पावसाळ्यात नळीत पाणी का साचतं?

डिस्टिल्ड वॉटर, तेही मेडिकल दुकानातून. आरओच्या पाण्यात क्षार उरतात आणि टाकीवर पांढरा थर बसतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी नाकात जाण्यासाठी बनवलेलं नसतं. उरलेलं पाणी रोज ओतून टाका, टाकी उघडी वाळवा.

गरम ओलसर हवा थंड नळीतून आली की थेंब जमतात, मग गुळगुळ आवाज येतो आणि थेंब नाकात पडतो. एसी लावून झोपणाऱ्यांना हे जास्त होतं. मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा, नळी पांघरुणाखालून घ्या, ह्युमिडिफायर एक घर कमी करा. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की काहींना तो बंद ठेवला तरी चालतो.

फिल्टर महिन्याला बघा. मशीन देवघरापाशी असेल, खोलीत उदबत्ती नाहीतर डासांची कॉइल जळत असेल, तर तो लवकर तपकिरी होतो आणि तोच धूर तुम्ही आत ओढत असता. ओझोनने मशीन 'निर्जंतुक' करणाऱ्या पेट्यांवर पैसे घालवू नका. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) त्यांबद्दल इशारा दिलेला आहे.

११. आमच्याकडे रात्री वीज जाते. झोपेत गुदमरून काही होईल का?

नाही. फुल फेस मास्कमध्ये मशीन बंद पडताच बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, नेझल (फक्त नाकावरचा) मास्क असेल तर तोंड मोकळं असतं. बहुतेकांना जाग येते, मास्क काढून कुशीवर झोपायचं. घरचा इन्व्हर्टर मशीन सहज ओढतो. शक्यतो साइन वेव्हचा असावा. सर्वांत जास्त वीज ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी खातात, ती बंद केली की बॅटरी कितीतरी जास्त पुरते.

१२. मशीनचं ॲप म्हणतं एएचआय २. तरी दिवसभर मरगळ. मग उपयोग काय?

आधी तास मोजा: रात्री साडेपाच तासच झोपत असाल तर मशीन उरलेली झोप आणून देणार नाही. मग थायरॉइड, बी१२, लोह, मधुमेह, नैराश्य, रात्री पाय वळवळणं, झोप आणणाऱ्या गोळ्या, हे सगळं डॉक्टरांकडे मांडा. अनेक वर्षांची तुटलेली झोप भरून यायलाही काही आठवडे लागतात. मशीनचा आकडा हा अंदाज असतो. गळती मोठी असेल तर तो विश्वासाचा राहत नाही. मरगळ टिकली तर मशीन लावून पुन्हा झोपेची तपासणी करावी लागते.

१३. मशीन लावल्यावर रिपोर्टमध्ये 'सेंट्रल' ॲप्निया दिसू लागला. मशीननेच आजार वाढवला का?

काही जणांना असं होतं. यात घसा मिटत नाही, मेंदूच श्वासाचा आदेश क्षणभर देत नाही. बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप कमी होतं. टिकलं तर डॉक्टर दाब किंवा मशीनचा प्रकार बदलतात, हृदय तपासतात, अफूवर्गी वेदनाशामकं चालू आहेत का ते विचारतात. हृदय कमकुवत असलेल्यांनी इथे स्वतःहून बटणं फिरवू नयेत. हा रिपोर्ट घेऊन जायचा, व्हॉट्सॲपवर पाठवून वाट बघायची नाही.

१४. मशीनने हार्ट अटॅक टळत नाही असं वाचलं. मग कशाला वापरू?

तुम्ही वाचलं ते बहुधा २०१६ चं सेव्ह नावाचं संशोधन. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या २,७०० हून अधिक लोकांत सीपॅपने पुढचे झटके कमी झाले नाहीत, हे खरं. पण त्यांचा सरासरी वापर रात्री ३.३ तासच होता आणि दिवसा फार झोप येणाऱ्यांना त्यात घेतलंच नव्हतं. त्याच संशोधनात दिवसाची पेंग आणि मनाची अवस्था सुधारली. म्हणून मी कुणाला 'मशीन लावा, अटॅक येणार नाही' असं सांगत नाही. दिवसा जागं राहणं, गाडी चालवताना डोळा न लागणं, बीपी थोडं उतरणं, घरच्यांची झोप, एवढ्यासाठीही ते लावावंसं वाटतं का, हे विचारते.

१५. वजन उतरवलं, आता सोडू का? आणि ती वजनाची नवी इंजेक्शनं?

वजन घटलं की ॲप्निया कमी होतो. साधारण दहा टक्के वजन कमी झालं तर एएचआय पाव भागाने उतरतो असा अंदाज आहे. ४० चे ३० होतील, म्हणजे अजून सोडण्यासारखं नाही. टिर्झेपॅटाइड या इंजेक्शनच्या औषधाला लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र ॲप्निया असलेल्यांसाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. भारतात ते २०२५ मध्ये आलं, मधुमेह आणि वजनासाठी. चांगली बातमी आहे, पण परिणामाला महिने लागतात आणि औषध थांबलं की वजन परतू शकतं. तोवर मशीन चालू ठेवा. वजन बरंच घटल्यावर जुना दाब जास्त वाटू लागतो, तेव्हा पुन्हा तपासणी करून घ्या. घोरणं थांबलं म्हणजे ॲप्निया गेला असं गृहीत धरू नका.

१६. प्राणायाम, शंख वाजवणं, जबड्याचं यंत्र, ऑपरेशन. यातलं काय खरं?

शंखाचा प्रश्न हल्ली रोज येतो. जयपूरच्या डॉक्टरांचा ३० रुग्णांवरचा छोटा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने नियमित शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची झोप कमी झाली आणि एएचआय सरासरी चार-पाचने उतरला. घशाच्या आणि जिभेच्या व्यायामांनीही फायदा दिसतो. सौम्य आजारात हे मोलाचं आहे. पन्नासाचे पंचेचाळीस झाले तर मात्र मशीनची जागा ते घेऊ शकत नाही. शंख जरूर वाजवा, मशीनसोबत.

दाताच्या डॉक्टरांकडून मापाने बनवलेलं, खालचा जबडा पुढे धरणारं यंत्र सौम्य-मध्यम आजारात खरोखर चांगला पर्याय आहे आणि आपल्याकडे त्याची चौकशी फार कमी लोक करतात. एएचआय उतरवण्यात ते सीपॅपच्या मागे आहे, पण रात्रभर तोंडात राहतं. ऑनलाइन मिळणारं, गरम पाण्यात टाकून चावायचं यंत्र त्याच्या तोडीचं नाही. फक्त उताणं झोपल्यावर त्रास असेल तर कुशीवर राहण्याची साधनं पुरतात. टॉन्सिल मोठे असतील तर ऑपरेशनचा फायदा होतो. इतरांत घसा नीट तपासून मगच ठरवावं.

१७. माझ्याकडे पेसमेकर आहे. मास्क चालेल का? मशीन कुणी लावूच नये असं आहे का?

पेसमेकर असला तरी सीपॅप चालतं. पण अनेक मास्कच्या पट्ट्यांत लोहचुंबकाच्या क्लिप असतात. पेसमेकर, मेंदूतली नळी, कानातलं इम्प्लांट असं काही शरीरात असेल, तुमच्या किंवा शेजारी झोपणाऱ्याच्या, तर चुंबक नसलेला मास्क मागा. फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठल्याचा इतिहास, नुकतीच मेंदूच्या किंवा नाकामागच्या भागाची शस्त्रक्रिया, नाकातून मेंदूजल गळणं, यांत डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय लावू नका.

१८. सगळं करून पाहिलं. आता सोडायचंच आहे. कसं सोडू?

आधी खात्री करा की 'सगळं' मध्ये मास्कचा दुसरा प्रकार, दाबाची तपासणी आणि नाकाचा इलाज हे तिन्ही येतात. विक्रेत्याने दिलेल्या एकाच मास्कवर झगडून सोडलेलं मी मोजत नाही. दाबच सोसत नसेल तर बायपॅप (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं मशीन) हा पर्याय उरतो.

तरीही नको असेल तर तो तुमचा हक्क आहे, आणि तुम्हाला रागावणाऱ्या डॉक्टरांपेक्षा पर्याय सांगणारे डॉक्टर शोधा. गप्प राहून सोडू नका. "मी वापरत नाहीये" हे भेटीत स्पष्ट सांगा, नाहीतर ते बीपीच्या गोळ्या वाढवत बसतात. प्रश्न १६ मधला जो पर्याय घ्याल तो सुरू करून दोन-तीन महिन्यांनी, तोच पर्याय वापरत असताना, घरी होणारी स्लीप स्टडी करून घ्या. नुसत्या 'बरं वाटतंय' वर थांबू नका. रात्री दारू नको, झोपेच्या गोळ्या नकोत, उताणं झोपणं टाळा. पेंग येत असेल तोवर एक्स्प्रेस वेवर स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती द्या. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी मोतीबिंदूचं किंवा दाताचं गुंगी देऊन होणारं, तर भूलतज्ज्ञांना सांगा की मला स्लीप ॲप्निया आहे आणि मी मशीन वापरत नाही. मशीन विकून टाकलं नसेल तर त्या दिवशी सोबत न्या, भूल उतरताना ते लावायला लागू शकतं.